दसऱ्यापर्यंत कोरडी भिंत

बोरखडी, मंडल नेरडीगोंडा
जि. आदिलाबाद
२८ ऑगस्ट २०२५

चि. रुपा हिस आजी बयनाबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सांगून राह्यली मी, लिहून राह्यली आपल्या पोस्टातली रश्मी. अक्षर चांगलं दिसलं तर ते तिचं, मजकूर चांगला वाटला तर तो माझा. तुमच्या पोलीस ट्रेनिंगमधी फोन काढून घेतात अन् रविवारी दहा मिनिटं देतात. ती दहाही मिनिटं तुझे मायबाप घेतात, म्हणून हे पत्र.

पोळ्याले तुझा बाप चंपत आला होता. पाच पुरणपोळ्या खाल्ल्या, हात धुवाले मागं गेला अन् ओरडतच परत आला. सैपाकघरामागं टाकीवरून लोखंडी पाइप येते, तुझ्या आजोबानं बसवलेली. तिले गंजून भोक पडलं. भोक मोहरीएवढं, पण भिंत माझ्या गुडघ्यापर्यंत ओली झाली. चंपत म्हणे, अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई एकटी, उद्या भिंत अंगावर आली तर कोण पाहील, चल आदिलाबादले. मी म्हणलं, गळते पाइप, मी नाही. मग त्यानं पिशवीतून नवं कुलूप काढलं अन् खुंटीले अडकवलं. गळती त्याले तेव्हा दिसली, कुलूप तर पिशवीत आधीच होतं.

शेवटी असं ठरलं. दसऱ्याले तो येईल. भिंत कोरडी दिसली तर हा विषय पुन्हा काढणार नाही. ओली दिसली तर घराले कुलूप अन् मी आदिलाबादले त्याच्या तिसऱ्या मजल्यावर. रश्मीले साक्षीले बोलावून त्याच्याकडून हे वदवून घेतलं.

नळवाला मोतीराम पाहून गेला. म्हणे, भिंत फोडून सगळी लाइनच बदलावी लागते, दिवाळीनंतर येतो. मले कॅलेंडर वाचता येत नाही, पण दसरा दिवाळीच्या आधी येते एवढं कळते. तू सायन्स शिकली. काय करू ते कळव. तिसऱ्या मजल्याले अंगण नाही, अन् तिथं सकाळी उठून मी रागावू कोणावर?

परेडले पोट भरून जात जा. आजीवर जीव आहे तेवढाच राहू दे, कमी करू नको.

तुझी आजी
बयनाबाई (अंगठा)

हैदराबाद
४ सप्टेंबर २०२५

ती. आजीस रुपाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. भिंत फोडू नकोस, मोतीरामची वाटही पाहू नकोस. आमच्या बराकीतला पाइप असाच गळत होता, तो हवालदारबाईंनी एपॉक्सी पुटीनं बुजवला. नेरडीगोंड्याच्या हार्डवेअरच्या दुकानात एमसील म्हणून मागितलंस तरी मिळेल. आत दोन रंगांचे गोळे असतात.

आधी टाकीखालचा कॉक बंद कर आणि पाइपातलं पाणी काढून टाक. भोकाच्या भोवतीचा गंज पॉलिश पेपरनं घासून लोखंड चकचकीत कर, फडक्यानं पुसून अगदी कोरडं कर. मग दोन्ही गोळे सारखे घेऊन एकच रंग दिसेपर्यंत मळ आणि लगेच भोकावर दाबून पाइपाभोवती गुंडाळ. एक दिवस पाणी सोडू नकोस. आणि ते उघड्या हाताला लागू देऊ नकोस, हातात प्लास्टिकची पिशवी घाल.

बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. दर रविवारी ते सगळ्यात आधी तुझंच विचारतात. मी म्हणते, परेड चांगली चालली आहे.

रश्मीताईंना नमस्कार. माझ्यावर रागावण्यासाठी तरी तू अंगणातच हवीस.

तुझी
रुपा

बोरखडी
१३ सप्टेंबर २०२५

चि. रुपा हिस आजीचे आशीर्वाद, या वेळी जरा थंड.

दुकानदार तेलुगूत बोलला, मी मराठीत. पाणी गळते हे मी हातानं करून दाखवलं. त्यानं आधी मले प्यायले पाणी देलं, मग पुटी देली. माणूस चांगला हाय.

तू सांगितलं तसं सगळं केलं. कॉक बंद केला, पाइप घासली, पुसली. गोळे मळले. मळण्यात आपल्याले कोणी शिकवू नये. फक्त पिशवी घातली नाही. साठ वर्षं भाकरी थापून राह्यली, पिशवी घालून एकही थापली नाही. पण तू आता पोलीस, तुझा शब्द मोडू नये, हाताले लागू नये, म्हणून गोळ्याले ज्वारीचं पीठ लावून घेतलं. अन् खरंच सांगते, हाताले काही चिकटलं नाही.

पाइपलेही चिकटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉक सोडला तर सगळा वेढा बांगडीसारखा सुटून खाली आला. शेजारची रेणुकाबाई नेमकी तेव्हाच साखर मागाले आली. म्हणे, भाकरी कच्ची राहिली का? मी म्हणलं, नाही, चांगली कडक झाली, चावून पाहा.

भिंत आता मांडीपर्यंत ओली हाय. दसऱ्याले वीस दिवसही राहिले नाहीत. सकाळी चहा घेतानी ते कुलूप समोर दिसते. बिनकामाच्या पाहुण्यासारखं लटकून राह्यलं. मले त्याचं काही वाटत नाही.

उत्तर धाड. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी आजी
बयनाबाई (अंगठा)

ता. क. हे आजींनी सांगितलेलं नाही. परवा त्यांनी पेटीतली लुगडी काढून घड्या घालून ठेवली आहेत. तुळशीला रोज पाणी घालशील का, असं मला दोनदा विचारलं. लवकर लिही. जयभीम. रश्मी.

हैदराबाद
१७ सप्टेंबर २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

चूक माझी. पीठ लावू नकोस हे मी लिहायला हवं होतं. तेलही नको, पाण्याचा हातही नको. पाइपावर उरलेलं पीठ आणि जुनी पुटी सगळी घासून काढ, पुन्हा चकचकीत कर. नव्या पुड्या दोन आण, एक कमी पडली तर असावी. आणि या वेळी पिशवी घालच. हे नात म्हणून सांगत नाही, पोलीस म्हणून सांगते.

तुझं पत्र बराकीत मोठ्यानं वाचलं. सगळ्या हसल्या. हवालदारबाई हसल्या नाहीत, त्यांनी पत्र मागून घेतलं आणि पुन्हा वाचलं. त्यांची आई निजामाबादला एकटी राहते.

लुगडी पेटीत परत ठेव.

तुझी
रुपा

बोरखडी
९ ऑक्टोबर २०२५

चि. रुपा हिस कोरड्या भिंतीले टेकून बसलेल्या आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

लुगडी पेटीत ठेवली. रश्मी मागच्या पत्रात माझा अंगठा झाल्यावर आणखी बराच वेळ लिहीत होती. मले वाचता येत नाही, दिसते मात्र.

दोन्ही हातांत पिशव्या घालून पुटी लावली. एक दिवस रेणुकाबाईकडून पाणी आणलं, बदल्यात तिचे टोमणे ऐकले. मग कॉक सोडला अन् दुपारपर्यंत पाइपसमोर बसून राह्यली. थेंब नाही. भिंत वाळाले पुढं दहा दिवस लागले.

दसऱ्याले चंपत आला. सोनं देण्याआधीच मागं गेला. भिंतीले आधी तळहात लावला, मग उलटा हात लावला, मग गाल लावला. तिथून आल्यावर माझ्या पाया पडला. निघतानी चपला घालता घालता म्हणे, आमच्या सैपाकघरात बेसिनखालची पाइप मिरगापासून गळते, रुपाची माय दिवसातून दोनदा बादली रिकामी करते. मी म्हणलं, मग सांगितलं काऊन नाही? तो म्हणे, तुझ्या भिंतीवर एवढं बोलल्यावर माझी कशी सांगू?

एक पुडी उरली होती, ती घेतली अन् त्याच्यासंगंच बसमधी बसली. पुटी मी लावली, चंपतनं टॉर्च धरली, तीही वाकडी. मी म्हणलं, एक दिवस पाणी सोडू नका, तोवर मी राहते. दुसऱ्या दिवशी चंपत म्हणे, आणखी एक दिवस जाऊ दे, पुडी जुनी असेल. तिसऱ्या दिवशी म्हणे, शहरातली हवा दमट राहते. पुटी पहिल्याच दिवशी दगड झाली होती. त्यानं नखानं टोकून पाहिलेलं मले दिसलं. तरी मी राह्यली. तुझ्या मायनं वडे केले.

तिसऱ्या मजल्यावरून माणसं लहान दिसतात. रागावलं तर ऐकू जात नाही.

कुलूप वाया गेलं नाही. जातानी घराले तेच लावलं. चांगलं हाय, एका फेऱ्यात बसते. त्याच्या दोन किल्ल्या निघाल्या. एक माझ्या कमरेले हाय. दुसरी काल बसस्टँडवर चंपतच्या हातावर ठेवली अन् म्हणलं, मी वावरात गेली असली तर ओट्यावर बसून राहू नको, उघडून आत जात जा. त्यानं ती खिशात ठेवली अन् बस सुटेपर्यंत खिशावरचा हात काढला नाही.

तुमच्या बराकीत आणखी काही गळलं तर कळव. हवालदारबाईले म्हणावं, मायले पत्र टाक. तुझी माया अशीच पक्की राहू दे, वरून पीठ लावू नको.

तुझी आजी
बयनाबाई (अंगठा)

ता. क. या वेळी खाली लिहिण्यासारखं काही नाही. रश्मी.