धाकटीचं रुखवत

आई,

धाकटीच्या रुखवतातला तो टेबलक्लॉथ आता काचेत बसवलाय. परवा धाकटीची नात आली होती, तिने सांगितलं. तिच्या नव्या घरात, बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर, लाकडी चौकट करून, वर छोटा दिवा सोडून. तिला हल्ली अशा वस्तूंचं वेड लागलंय. जुन्या विणीचे रुमाल, मण्यांची तोरणं, कोणाच्या तरी आजीने बाटलीवर विणलेली जाळी, असं कुठे कुठे सापडेल ते घरी आणते, मैत्रिणींना बोलावून दाखवते, कौतुक करून घेते. 'हा आमच्या आजीने लग्नाआधी केलाय, सगळा हाताने,' असं सांगितलं की मैत्रिणी म्हणे तोंडात बोटं घालतात. मला फोटो दाखवला आणि अगदी सहज विचारलं, 'मावशीआजी, तुम्हालाही येतं का हो असं काही?' मी म्हटलं, नाही गं बाई, मला कुठलं. चहात साखर किती घालू ते विचारलं आणि आत गेले. तू असतीस तर खूश झाली असतीस. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुझं खोटं मी अजून इमानेइतबारे चालवतेय.

त्या नातीला वाटतं, हे वेड तिचं स्वतःचं आहे. तिला काय ठाऊक ते कुठून आलं. पनवेलात आपल्या आळीत तुला ओळखत नाही असं घर नव्हतं, ते तुझ्या नजरेमुळे. कोणाकडे लग्न असलं की तू नवरानवरीच्या आधी रुखवत पाहायला जायचीस. हळदीकुंकवाला गेलीस की उजव्या हाताला अत्तर लावून घेतेयस आणि डावा हात टेबलावरच्या रुमालाखाली. उलटा करून गाठी बघायच्या. 'पुढून सगळंच बरं दिसतं,' हे तुझं ठरलेलं. आणि एखादी नवी नक्षी मनात भरली, की तिथून उठून तडक घर. वाटेत कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाहीस, कारण डोक्यात नक्षीची घरं मोजून ठेवलेली असायची आणि बोललं की ती विस्कटायची. परसात येऊन सारवलेल्या जमिनीवर रांगोळीचे ठिपके मांडायचीस आणि ठिपक्यांच्या घरांत ती नक्षी भरायचीस, इथे भरीव, इथे पोकळ. समोर मी क्रोशाची सुई घेऊन बसलेली. वारा सुटायच्या आत, शेजारच्या कोंबड्या येऊन उकरायच्या आत ती दोऱ्यात उतरली पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी आळीतल्या बायका पडवीत जमल्या, की 'बघा, काय मिळालंय' म्हणून तू ती जिला तिला वाटायचीस. नक्षी वाटताना तू कधी हात आखडता घेतला नाहीस. हे तुझं चांगलं इथेच बोलून ठेवते, पुढे त्याला फारशी जागा नाही.

एक दुपार मला अजून दिसते. मी तेरा-चौदा वर्षांची आहे. रुमालाच्या कोपऱ्यात मी मोर विणलाय, पिसारा फुललेला, आणि तो पुरा झाल्याबरोबर मी धावत ओट्यावर येते. खाडीवरची कोळीण पाटी उतरवून बसलीय, तू तिच्याशी बोंबलांवरून हुज्जत घालतेयस. तू मोर हातात घेतेस, उलटा करतेस. पिसाऱ्यातलं एक घर चुकलंय, भरीवच्या जागी पोकळ. तू आतून कात्री आणतेस, एक धागा कापतेस आणि ओढायला लागतेस. क्रोशाचं काम करायला महिना लागतो, उसवायला वेळ लागत नाही. पिसारा गेला, मान गेली, चोच गेली. कोळणीचा हात पाटीतच राहिला. 'अगो बाय, ह्ये काय करतंस? कवरा बेस मोर व्हता! पोरीचं डोलं गेलं आसतील त्याच्यात.' तू दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणालीस, 'डोळे गेले तर चष्मा लावू.' आणि पुन्हा बोंबलांकडे वळलीस. कोळणीने जाताना दोन बोंबील जास्त टाकले, 'ह्ये पोरीला दे' म्हणून. ते तू सगळ्यांत वाटून टाकलेस. दोन वर्षांनी मला चष्मा लागला, तेवढा शब्द मात्र तू पाळलास. शेजारची ती गोरटेली, जिच्या विणीतून मांजर आरपार जाईल, तिला तू 'छान हो, हात बसलाय' म्हणायचीस. मला कधी नाही. मी पुष्कळ वर्षं त्या एका 'छान'साठी विणत होते, हे आज लिहायलाही लाज वाटते.

माझी ट्रंक भरत गेली. मण्यांचं तोरण, दोसुतीवरचे राजहंस, ताटावर घालायची जाळी, आणि तो टेबलक्लॉथ. पांढरंशुभ्र कापड, चारी बाजूंनी वीतभर रुंद वीण, आणि एका कोपऱ्यात लाल दोऱ्याने माझ्या नावाचं पहिलं अक्षर. रुखवतात मधोमध तो मांडायचा, असं माझं ठरलं होतं. मग पेणची माणसं मला बघायला आली. मला, धाकटीला नव्हे. मध्यस्थाने त्यांना सांगितलंच होतं, मुलगी दिसायला बेताची, पण त्या घरात हातकामाची कला आहे. मुलाच्या आईने माझ्याकडे पाहून विचारलं, 'चष्मा कायमचा का?' तेवढ्यात धाकटी पाण्याचे पेले घेऊन आली आणि मंडळी दुसऱ्या चहाला थांबली. आठ दिवसांत मध्यस्थ निरोप घेऊन आला. थोरली राहू दे, धाकटी पसंत आहे, फक्त ते हातकाम करणारी मुलगी हीच ना, एवढं विचारलंय. मी आत नारळ खवत होते. तुला श्वास घ्यायलाही वेळ लागला नाही. 'हीच तर. थोरलीला कुठलं येतंय.' वडील भाताच्या गिरणीतून नुकतेच येऊन टेकले होते. 'अगं, पण...' एवढंच म्हणाले. 'तुम्ही गप्प बसा,' तू म्हणालीस आणि ते बसले. ते नेहमीच बसायचे.

त्याच दुपारी तू टेबलक्लॉथ माझ्या मांडीवर टाकलास. 'कोपऱ्यातलं अक्षर उसव.' उसवलं. लाल दोऱ्याचा गुलाबी डाग पांढऱ्या कापडावर राहिला, तर म्हणालीस, 'धाकटीचं अक्षर मोठं घाल, म्हणजे झाकेल.' घातलं. धाकटी शेजारी बसून नखं कुरतडत होती. 'ताई, तू रागावलीस का?' तिने विचारलं. मी म्हटलं नाही. तिच्यावर नव्हतेच रागावले, ती तेव्हा नुसती भेदरलेली होती. लग्नात रुखवताभोवती पेणच्या बायकांची झुंबड उडाली. 'सूनबाई, हे सगळं तू केलंस?' धाकटीने मान खाली घातली, ते तिच्या विनयात जमा झालं. मी हातात पानांचं तबक घेऊन उभी होते. तू माझ्या शेजारी येऊन कुजबुजलीस, 'चेहरा नीट कर, लोक बघतायत.'

तिथे संपलं असतं तरी मी विसरले असते. पण पहिल्याच दिवाळीच्या आधी तू सांगितलंस, सासरचे विचारतायत, सूनबाई आता काही करत नाही का. मग माझ्या हातचे रुमाल, झालरी, उशांचे अभ्रे, पेणला जाणारा कोणी एसटीत बसला की त्याच्या पिशवीतून जायला लागले. धाकटीने ते गुपचूप घ्यायचे आणि आपले म्हणून मांडायचे. पुढच्या वर्षी वडील गेले. मला मुलींच्या शाळेत शिवण शिकवायचं काम मिळालं आणि घरात आपण दोघीच उरलो. मग आपटा गावचं स्थळ आलं. मुलगा स्वतः आला होता, काकांना घेऊन. नदीकाठी घर, शेतीवाडी, चष्म्याचं काही नाही. ते परत गेले आणि मी तुझ्याकडे आत आले, तर तू चुलीवरून मान न वळवता म्हणालीस, 'मी त्यांना नाही कळवणार आहे.' मी का विचारलं. तू म्हणालीस, 'तू गेल्यावर धाकटीचं काय? दिवाळीला काही गेलं नाही की सासू विचारेल. सगळं खोटं होतं असं कळलं तर आणून सोडतील तिला दारात. बहिणीचा संसार मोडून तुला संसार करायचाय?' मी तिथेच भिंतीला धरून रडले. आणखी दोन-तीन स्थळं आली, त्यांनाही हेच. मग यायची बंद झाली. शाळेतून आलं, की दिवेलागणीपर्यंत धाकटीच्या संसारासाठी विणायचं.

तू गेलीस. तेराव्याला पेणहून विहीणबाई आल्या. जेवून उठल्यावर मोरीवर मी त्यांच्या हातावर पाणी घालत होते. त्या म्हणाल्या, 'आता तुझ्या हातांना आराम पडेल हो.' मी न कळल्यासारखं केलं. 'अगं, आता कशाला लपवतेस? आम्हाला पहिल्या गणपतीतच कळलं. मखराला झालर करायला बसवली, तर तुझ्या बहिणीला सुई कशी धरायची ते ठाऊक नाही. आम्ही हसून हसून बेजार. पोर गोड आहे, घावणं सुरेख घालते, आम्हाला काय झालरी खायच्यात? मी तुझ्या आईला तेव्हाच सांगितलं, आता आणखी काही पाठवायला नको, त्या थोरलीला राबवू नका, तिचं कुठे बघा. तर म्हणाल्या, तिला लग्न करायचंच नाही, विणकामाशिवाय तिला दुसरं काही सुचत नाही.' मी त्यांना हात पुसायला पंचा दिला. हात पुसता पुसता त्या म्हणाल्या, 'फार जीव होता हो त्यांचा तुझ्यावर.' संध्याकाळी मी धाकटीला विचारलं. ती आधी रडली, मग म्हणाली, 'आई म्हणाली, ताईला सांगू नको, तिला वाईट वाटेल.'

म्हणजे खोटं पेणच्यांसाठी नव्हतंच. ते एकाच माणसापुरतं चालू होतं, आणि ते माणूस रोज तुला जेवायला वाढत होतं. मी पुष्कळ विचार केला, आई, आणि मला तुझं मोठं दुष्टपण काही सापडलं नाही. ते असतं तर बरं झालं असतं. वडील असतानाच तुला त्यांच्यामागे त्या घरात एकटं राहायची भीती वाटत होती, बस, एवढंच. तेवढ्यासाठी तू मला ठेवून घेतलंस. नुसतं 'राहा' म्हणायची तुझी हिंमत नव्हती. म्हणाली असतीस तर मी राहिले नसते, आणि ते तुला पक्कं माहीत होतं. धाकटी आता खरंच समजते, की तो टेबलक्लॉथ तिने केला. नातीला टाके कसे घातले ते हातवारे करून सांगते म्हणे. तिला खोटं बोलायचं नाहीये, ती म्हातारी झालीय. मीही तिला काही म्हणणार नाही, आणि त्या पोरीला तर हा कागद दाखवणार नाहीच.

तुला मात्र एक सांगायचं राहिलंय. तो आपट्याचा मुलगा मला आवडला नव्हता. बशीतला चहा फुरके मारत प्यायला, काकांच्या प्रत्येक वाक्याला खिदळला, आणि माझ्याकडे पाहून 'वाचता येतं ना?' म्हणाला. मी आत आले होते ती तुला 'मला नको' एवढं सांगायला. ते तू मला म्हणूच दिलं नाहीस. मी रडले ती संतापाने. तुला वाटलं, त्याच्यासाठी. मी वाटू दिलं. त्यानंतर तू कधी जरा खुशीत दिसलीस, की मी ताट वाढता वाढता म्हणायचे, 'आपट्याच्या नदीला आता पाणी आलं असेल,' आणि तुझा घास हातातच राहायचा. ते बघायला मला आवडायचं. शेवटच्या आजारात तू माझा हात धरून म्हणालीस, 'तुला तिथे द्यायला हवं होतं गं मी.' एका वाक्यात तुला मोकळं करता आलं असतं. मी तुझी चादर सारखी केली आणि भांडी घासायला गेले. तेव्हा मला विहीणबाईंचं काहीच ठाऊक नव्हतं, तरीही नाही बोलले. आज लिहिलंय, तेसुद्धा तुला पोचायची सोय नाही म्हणून.