लहान एम, मोठा एम

२ फेब्रुवारी २००६, गुरुवार
ग्रीनहाउसची चावी आज माझ्या हातात. सहाना मॅडम बहिणीच्या लग्नाला कुंभकोणमला गेल्या. दोन आठवडे सगळं माझ्यावर.

भाताच्या रोपांच्या दोन रांगा. डावीकडच्या रोपांत एका बॅक्टेरियाचा जीन घातलाय, उजवीकडची साधी. दोन्हींना मिठाचं पाणी. मिठाच्या स्ट्रेसमुळे पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड साठतो (सलूनमध्ये केस पिंगट करायला लावतात तोच) आणि पेशी आतून जळते. बॅक्टेरियाचा जीन असला की पेरॉक्साइड साठण्याआधीच फुटून त्याचं पाणी होतं. म्हणून उजवी रांग मरेल, डावी जगेल, असं मॅडम म्हणाल्या. हे त्यांनी दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा मी त्यांच्याबरोबर म्हटलं.

निकाल चांगला आला तर अनंतकृष्ण सरांचा प्रोजेक्ट वर्षभर वाढेल. प्रोजेक्ट वाढला तर माझी टेंपररी नोकरीही. नाहीतर मार्चअखेर तंजावरला परत, अप्पांसमोर.

ड्रमवर मॅडमनी लेबल लावलंय. मिठाचं पाणी, दोनशे, आणि पुढे लहान एम, मोठा एम. शब्दाच्या मध्येच कॅपिटल! घाईत लिहिलं असणार. लाल पेनने मोठा एम खोडून एल केला. मिलिलिटर. खाली सही, तारीख. शाळेत स्पेलिंगचं पहिलं बक्षीस माझं होतं. प्लस टू, म्हणजे बारावी, राहिली ती गणितामुळे.

मग मिठाच्या कडक द्रावणाच्या बाटलीतून दोनशे मिलिलिटर मोजून ड्रमच्या पाण्यात ओतलं. मोजताना एक थेंब जास्त आला होता, तो काढला.

६ फेब्रुवारी, सोमवार
एकही पान पिवळं नाही. दोन्ही रांगांत.

आरशात पांढरा केस दिसला. जबाबदारीचा स्ट्रेस. माझ्या पेशींतही पेरॉक्साइड साठत असणार. दह्यात बॅक्टेरिया असतात, म्हणजे जीनही असणार. आजपासून रोज दोन वाट्या दहीभात. घरी राजसबाई आत्याला हे सगळं नीट समजावलं. ती म्हणाली, तुझ्यात एकच जीन आहे, तो तुझ्या अप्पाचा, दुसऱ्याच्या चुका काढायचा. त्याला दही काय करणार.

संकल्प: रोज रात्री बायोकेमिस्ट्रीची चार पानं.

९ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी ४
दहीभातामुळे झोप लागली. दुपारचं पाणी उशिरा. रोपांनी तेही सोसलं.

वॉचमन रंगा डोकावून गेला. म्हणाला, सार, तुमची कैराशी जबरदस्त, पुढच्या पोंगलला तांदूळ इथूनच नेतो. कैराशी म्हणजे आपला हातगुण. मला वाटतच होतं. प्रयोगात हातगुण कसा मोजतात, हे सरांना विचारायचं.

बायोकेमिस्ट्री: लाइट गेली होती.

१४ फेब्रुवारी, मंगळवार
मॅडमचा फोन. उजवीकडची किती मेली? म्हटलं, एकही नाही. मागे लग्नाचं नादस्वरम वाजत होतं. मॅडमनी विचारलं, रांगा उलटसुलट नाही ना केल्यास? मला लागलं ते. मी कुंडीचं तोंडसुद्धा फिरवलेलं नाही.

अभिनंदन वगैरे काही नाही. लग्नघरात सुचत नसेल.

बायोकेमिस्ट्री: पहिल्याच पानावर छपाईच्या दोन चुका. अशा पुस्तकावर विश्वास कसा ठेवायचा?

१७ फेब्रुवारी, शुक्रवार
मॅडम आल्या. हातावरची मेंदी अजून लाल. दोन्ही रांगांची पानं कापून तपासणीच्या रसायनात बुडवली. पेरॉक्साइड असेल तिथे पान तपकिरी होतं. कुठलंच झालं नाही.

मॅडम उपड्या बादलीवर बसल्या. म्हणाल्या, साधी रोपंही जगतात, म्हणजे जीनचा काही उपयोग नाही, म्हणजे माझी तीन वर्षं गेली. मी धीर दिला: निदान सगळी जगली तरी. मॅडमही माझ्यासारख्या तंजावरच्या मराठीच, पण माझ्याशी तमिळमध्ये बोलतात, मराठी फक्त रागात. आज मराठीत म्हणाल्या, गिरिधरा, उगा राहा.

उगा राहिलो. हातगुणाचं नंतर सांगू.

२० फेब्रुवारी, सोमवार
सर ग्रीनहाउसमध्ये आले. ड्रमपाशी थांबले. चष्मा लावून लाल दुरुस्ती वाचली, मग माझी सही, मग तारीख, मोठ्याने.

लहान एम मोठा एम हे मिलिमोलर. किती ओतायचं ते नव्हे, पाणी किती खारट हवं ते. मी केलेलं पाणी पाहिजे त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंच खारट होतं. सर म्हणाले, यापेक्षा आमच्या कँटीनचं रसम खारट असतं. मॅडम आधी हसल्या, मग डोळे पुसू लागल्या. जीन निर्दोष. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून. मी एवढंच म्हणालो की अशा स्पेलिंगने कुणाचाही गैरसमज होईल.

मार्चनंतरचं विचारलं. सर म्हणाले, मार्चपर्यंत बाटल्या धू.

बॅक्टेरियाच्या जीनची रोपं बाहेर टाकता येत नाहीत. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे खोलीएवढ्या प्रेशर कुकरमध्ये, वाफेवर मारावी लागतात. ते काम मला दिलं. डावी रांग, मग उजवी. अजून हिरवीगार होती.

दार लावताना एक पान बाहेर राहिलं होतं. आत सारलं.

२१ फेब्रुवारी, मंगळवार
बाटल्या धुतल्या. चावी मॅडमकडे.

ग्रीनहाउसच्या दारावर नवीन लेबल. वरती लहान एम मोठा एम, खाली: हे स्पेलिंग बरोबर आहे, हात लावू नये. त्याखाली: दोन्ही रांगा सेपरेट ठेवा. ‘सेपरेट’मध्ये पीनंतर ई लिहिलाय. तिथे ए हवा.

संकल्प: यापुढे कुणाचीही चूक काढायची नाही. तीनदा दारावरून गेलो, एक अक्षर बोललो नाही.

संध्याकाळी ५.४०
पेन्सिलीने केलंय. पुसता येतं. सही नाही केली.