कारकिर्दीतली राहिलेली ओळ

टोकियो, १२ ऑक्टोबर १९५५

ती. अक्कास,
मासात्सुगुचा शि. सा. न.

तू पाठवलेली वाळवलेली पर्सिमन फळं पोचली, दातांनाही झेपली. लढाईनंतर तुरुंगातल्या सात वर्षांत त्यांचीच फार आठवण यायची.

एक काम आहे. गावची समिती देवळासमोर माझ्या नावाची शिळा उभारते आहे. सैनिकी शाळेतला पहिला नंबर, पदकं, आणि शेवटी दक्षिणेच्या बेटावरचा सेनापती, अशी सगळी कारकीर्द कोरणार आहेत. अक्षरं माझ्या जुन्या वरिष्ठांकडून लिहून घ्यायची, तशी रीतच आहे. ती जागा मात्र तुझ्या तुतीच्या मळ्यातली, म्हणून संमतीच्या कागदावर तुझा शिक्का हवा. लढाई हरलो म्हणून मान खाली घालून मरायची माझी तयारी नाही.

भाचा यासुहेईच्या फोटोपुढे माझ्या नावाची उदबत्ती लाव.

तुझ्या मायेचा हक्कदार,
मासात्सुगु

कुवानोसावा, २० ऑक्टोबर

चि. मासात्सुगु यास अनेक आशीर्वाद.

पर्सिमन दातांना झेपली, बरं झालं. लहानपणी तू दुसऱ्यांना झाडावर चढवायचास आणि खाली उभा राहून फळं झेलायचास. तेव्हापासूनच तू सेनापती.

शिक्का मिळणार नाही. समितीची माणसं दोनदा येऊन चहा पिऊन गेली, माझं लोणचंही संपवून गेली. गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे म्हणाले. मी म्हटलं, जागा माझी आहे.

तुझ्या कारकिर्दीत एक ओळ राहिली. गावातली एकोणीस मुलं तुझ्या सैन्यात गेली, दोन परतली. तांदूळ संपल्यावर तू त्यांना डोंगरापलीकडे चालायला लावलंस, हे त्या दोघांतल्या तोकुजीनं माझ्या चुलीपाशी बसून सांगितलं. माझा यासुहेई तिसऱ्या दिवशी वाटेत बसला तो उठलाच नाही. सैन्याकडून त्याच्या अस्थींची म्हणून पांढऱ्या कापडातली पेटी आली तेव्हा सगळे म्हणाले, उघडायची नसते. मी उघडली. अस्थी नव्हत्या, नुसता एक गोटा होता. तो नऊ वर्षं देवघरात आहे.

ती ओळ तुझ्या हातानं लिहून दे, मग शिक्का घे. नाहीतर त्या जागी मी हा गोटा ठेवीन.

थंडी पडली आहे, छातीला जप. रागावले तरी आशीर्वाद आहेतच.
अक्का

टोकियो, १ नोव्हेंबर

ती. अक्कास शि. सा. न.

हुकूम वरून आला होता, मी फक्त पुढे दिला. सेनापतीच्या शिळेवर असलं कोणी कोरत नाही. शाळेजवळ जागा मिळते आहे, तुझ्या शिक्क्यावाचून अडणार नाही.

मासात्सुगु

कुवानोसावा, ९ नोव्हेंबर

चि. मासात्सुगु यास आशीर्वाद.

पहिला नंबर तुझा, पदकं तुझी, मग तेवढा एक हुकूमच दुसऱ्याचा कसा?

काल मळ्यातल्या मोठ्या दगडावर गोटा ठेवला. तोकुजी भाताचा मुटका ठेवून गेला. मग समितीच्या प्रमुखांची आई काठी टेकत आली आणि बराच वेळ रडली. तिच्याही नातवाच्या पेटीत गोटाच असेल म्हणाली. तिनं उघडली नव्हती.

तुझी आठवण काढणारी,
अक्का

टोकियो, २८ नोव्हेंबर

ती. अक्कास मासात्सुगुचा शि. सा. न.

प्रमुखांच्या आईबद्दल वाचलं आणि पुढे आठ दिवस पत्राची घडीच करवेना. शेवटी ओळ लिहिली. सात कागद वाया गेले. 'एकोणीस गेले, दोन परतले. तांदूळ नसताना चालायचा हुकूम मी दिला.' खाली फक्त नाव आहे, हुद्दा नाही.

समिती म्हणते, हे कोरायचं असेल तर शिळाच नको. जुने सहकारी घरी येऊन म्हणाले, सैन्याचं नाक कापतोस. मी सांगितलं, हुकूम माझा होता, आता नाकही माझंच. पाथरवटानं काम घ्यायचं नाकारलं, म्हणून छिन्नी मीच विकत घेतली. रोज मागच्या अंगणात हात बसवतो आहे.

शनिवारच्या गाडीनं येतो. तुझा तो मोठा दगड पुरेल. दार उघडलं नाहीस तरी चालेल अक्का, कोरायचं काम बाहेरच आहे.

तुझा धाकटा,
मासात्सुगु