खळीचा धागा

तांडापेठ, नागपूर
२ ऑगस्ट १९७३

प्रिय चंद्रभान,

खटक-खट, खटक-खट. आपल्या मागाचा तो आवाज आजही कानात आहे, आणि त्याच्या तालावर तिसरीच्या पुस्तकातली कविता म्हणणारा तू. धोटा उजवीकडे गेला की एक ओळ, डावीकडे आला की दुसरी. तू ओळ विसरलास की मी मुद्दाम माग थांबवायचो.

दिवाळीपर्यंत हे घर सोडायचं आहे. मालकाला ते लेकासाठी हवं आहे. म्हणून बिनाकीत रंभाबाईंचं घर पाहिलं. दोन खोल्या, कौलं धड. ताण्याच्या उभ्या धाग्यांना लांबी पुरते का, मागाच्या खड्ड्यावर उजेड पडेल का, हेच मी हातानं मोजत बसलो. चूल कुठं, नळ कुठं, विचारलंच नाही. रंभाबाई म्हणाल्या, "काहून गा मार्तंडभाऊ, इथं मानसं राह्यतीन का मागच?" हसलो खरा, पण वाटेत ते बोलणं टोचत राहिलं. चार वर्षांपूर्वी मी मागालाच घरात ठेवलं होतं, आणि तुला दाराबाहेर.

परवा आपले सूतवाले बाबनराव तुमच्या कामठीहून सूत घेऊन आले. तुझी पोरगी मोठी गोड आहे म्हणाले, पण तुमच्या खोलीला ओल, म्हणून तिचा खोकला हटत नाही. ते ऐकून मी काल भर झडीत पुन्हा बिनाकीला गेलो. आपली रीत तुला आठवत असेल. नव्या जागी माग गाडण्याआधी भाताची खळ दिलेला धागा जमिनीलगत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून ठेवायचा. ओल असली की सकाळपर्यंत तो मऊ पडून लोंबतो. किल्ली मागून घेतली, दोन्ही खोल्यांत धागे बांधले. "बुढा घर पाहून राहिला का पतंग उडवून राहिला?" रंभाबाई शेजारणीला सांगत होत्या.

आज सकाळी पाहिलं. बाहेरच्या खोलीतला धागा लोंबलेला. आतल्या खोलीतला मात्र ताठ. बोटानं छेडला तर बारीकसा वाजला. कोरडी जागा एकच आहे, बाळ, आणि माग मांडण्याजोगीही तीच.

करारनाम्यावर मी अजून सही केलेली नाही. राहणारी माणसं किती, हा रकाना कोरा आहे. त्यासाठीच हे पत्र. तिथं चार लिहू का? माग सोडवून लाकडं माळ्यावर टाकतो. बाहेर माझी खाट, आत तू, गोपिका आणि पोरगी. यंत्रमागावर बसणाऱ्याला या घरात ताट नाही, हे माझं बोलणं मी मागं घेतो. उद्या बाबनराव हे पत्र घेऊन येतील. त्यांच्याजवळच उत्तर दे. त्या कवितेतली शेवटची ओळ मला आता आठवत नाही. तुला येत असेल.

तुझाच,
बाबा

ता. क. पाकिटाला गोंद लावत होतो, तोच अंगणात खोकला ऐकू आला. लहान लेकराचा. पाठोपाठ बाईमाणसाचा दबका आवाज, "मामाजी, मी गोपिका. बाबनरावनं सांगतलं, तुमी घर सोडून राहिले म्हून. दार उघडा नं जी."

उठतो.