पेडर रोडच्या चढावर

परळ,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय अक्षदा,

बाबांच्या डोळ्याची पट्टी निघाली असेल. त्यांना नमस्कार सांग. आईचा गुडघा सोडला तर इथे सगळं ठीक. कढीपत्त्याला पाणी घालतोय. फोनवर तू 'जेवलास का' विचारतेस, मी 'हो' म्हणतो आणि दोघंही ठेवून देतो. म्हणून आज कागद घेतला.

मी सायकल बदलली. कंबर फार धरायला लागली होती. दादरला हितेंद्रच्या दुकानात रेसिंगची परत दिली आणि जरा वर हँडल असलेली रोड बाइक घेतली. आपण दोघांच्या सायकली घेतल्या तेव्हाच त्याने हे सुचवलं होतं. रेसिंगवर तासन् तास वाकून बसायला शरीराला सवय असावी लागते, आधी साधी घ्या, म्हणाला होता. मला ते लागलं. तुझ्यादेखत म्हणाला ना! त्याच रागात, त्याने तुला किती चालवता विचारलं तेव्हा मीच उत्तर दिलं, की ही नवीन आहे, हिला सरळ हँडलवाली हायब्रीड पुरे. तुझी नजर त्या निळ्या रोड बाइकवर होती, हे मी पाहिलं होतं.

मग पेडर रोडचा चढ. तू त्या जड हायब्रीडवर माझ्या बाजूने वर निघून गेलीस. मी दात-ओठ खात पोचलो तर आपल्या सायकल ग्रुपचा हर्षवर्धन सगळ्यांसमोर तुला सांगत होता, मॅडम, तुमची लेव्हल आता रोड बाइकची आहे. तू हसलीस. घरी आल्यावर मी काय बोललो ते पुन्हा लिहायची हिंमत नाही. त्याच्यासाठी पहाटे उठतेस का, असं विचारायला नको होतं. दुसऱ्या दिवशी तू कणकवलीची बॅग भरलीस आणि आईला वाटलं, बाबांच्या ऑपरेशनसाठी लवकर निघालीस.

आज सकाळी ग्रुपबरोबर गेलो. चढावर दम संपला, उतरलो आणि सायकल हातात धरून चालू लागलो. हर्षवर्धन मागे फिरला. तोही उतरून माझ्याबरोबर चालला. चालता चालता म्हणाला, "अक्षदाताई कधी येतायत? त्या नाहीत तर पुढे कोणी खेचत नाही आम्हाला."

ताई म्हणाला गं. आणि मला हायसं वाटायला हवं होतं, तर उलट तू सगळ्यांना पुढे खेचतेस हेच मनात अडकलं. तेव्हा कळलं, त्याचा काही संबंधच नव्हता. नवऱ्याला दुसऱ्या पुरुषाचा संशय आला तर लोक समजून घेतात. बायकोच्या पायांचा हेवा वाटतो, हे कुणाला सांगणार?

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तिच्या पायांत बळ आसा, तर तुझ्या पोटात कित्याक दुखता?"

शाळेत, ऑफिसात, चाळीच्या क्रिकेटमध्ये मी कधीच पहिला नव्हतो, आणि त्याचं काही वाटलंही नाही. पण तुला शिकवणारा मी होतो ना. सीट धरून मागे धावलो होतो. तू इतक्या लवकर मला मागे टाकशील, असं धरलंच नव्हतं.

हितेंद्र तुझ्याबद्दल विचारत होता. तुझ्या मापाची एक फ्रेम आली आहे, म्हणतो. मी घेतली नाही. निवड तुझी. ती बघतानाही आत टोचलंच. खोटं कशाला लिहू, अजून टोचतंय. तू ती घेतलीस की आणखी लांब जाशील, आणि मला ते दिसत राहील. तरी दिसत राहावं असंच वाटतं. तू नसताना रस्ता नुसता मोकळा असतो.

माझ्या शब्दांची माफी तुझ्यासमोर मागेन. कागदावर ती फार सोपी जाते.

तुझ्या मागून, धापा टाकत येणारा,
विकास