हातावर बसणारी पाखरं

सोलापूर, सोमवार, माघ, सन १९३४

दादा आगबोटीवरून सुखरूप परतला, म्हणून उद्या आई नवस फेडणार. देवीला बोकड. माझ्या हातचा पाला खाऊन वाढलेला.

दादा बोटीवर स्वयंपाकी. साहेबलोकांना ज्वालामुखीच्या बेटांवरचे पक्षी दाखवायला ती बोट जाते. जेवताना तो म्हणाला, "आई, तितं पाखरं हातावर येऊन बसत्यात. भीतच न्हाईत."

"का रं?"

"आमच्या बोटीआदी माणूस कदी बगितलाच न्हाई की त्यांनी."

आई हसली. मी हातातला घास ताटात ठेवला. हातावर बसतात म्हणे!

आईला थांबवू? कुठल्या तोंडानं? दादासाठी नवस बोलताना मीही हात जोडलेच होते.

आत्ता गोठ्यात गेले, तर बोकड माझा हात चाटायला लागला. भीती नाहीच. पण यानं तर जन्मल्यापासून मलाच बघितलंय.