पाहुण्यांचे पाय

१० डिसेंबर १९९६. नागपूर, आमदार निवास.
परदेशी बँकेच्या कर्जावर देखरेख ठेवायला आमदारांची समिती नेमली. त्यात मी! जंगलातला एकटाच. चौथी शिकलेला माणूस आता सातासमुद्रापारच्या बँकेला जाब विचारणार. संकल्प: करार शेवटपर्यंत वाचायचा. इंग्रजीत आहे. उशीएवढा जाड. दुपारी डोक्याखाली घेऊन पाहिला. सवय होईल.

१६ डिसेंबर.
सभागृहात प्रश्न विचारला. भामरागडकडच्या येरमटोल्याचा पूल या कर्जात बसतो काय? मंत्री म्हणाले, सही दिल्लीत कधीचीच झाली, सभागृहाची मंजुरी लागत नाही, समितीने फक्त अवगत व्हावे. मी जागीच अवगत झालो. बाबूभाई, माझा चंद्रपूरचा जीपवाला, म्हणाला, "लगन लागून गेलं भाऊ, अन् तुमाले आता पत्रिका देऊन राह्यले." त्याला कामकाज कळत नाही.

५ फेब्रुवारी १९९७. येरमटोला.
बँकेची माणसं मार्चात येणार. पूल खरंच लागतो का ते पाहणार. माझ्याच प्रश्नाचा दणका!
गावपाटील पत्रूने जोहार घातला, बाजेवर बसवलं. दवाखाना नाल्यापलीकडे. पावसाळ्यात चार महिने वाट बंद. त्याच्या सुनेचं, मैनीचं, पहिलं लेकरू अलीकडच्या काठावरच गेलं. आता पुन्हा दिवस राहिलेत, पावसात बाळंत होणार. मी शब्द दिला: पूल. पत्रू म्हणाला, "पूल येवो तवा येवो भाऊ. तवापर्यंत आमाले एक डोंगा देऊन टाका."
समजावलं त्याला. डोंगा, म्हणजे लाकडी होडी, दिला तर बँक म्हणेल, यांचं भागतंय. हत्ती मागायला निघालेल्याने वाटेत शेळी घेऊ नये. पत्रू उठून बैल सोडायला गेला. पटलं असावं.

११ मार्च.
पाहुण्यांची तयारी. मार्चातही नाल्यात गुडघाभर पाणी. पाहुण्याला चिखलातून आणायचं म्हणजे अख्ख्या तालुक्याची इज्जत गेली. आपल्याकडे सोयरा वेशीवर आला की आधी वाट झाडतात. गावाला म्हटलं, बांबूचा साकव टाका. पत्रू म्हणे, "पाण्यातूनच येऊ द्या ना भाऊ, त्याइले समजन तरी." भोळा माणूस. पत्रूच्या मुलाने, मैनीच्या नवऱ्याने, लालसूने जंगलातून बांबू आणले, सारं गाव लागलं. साकव असा झाला की त्यावर नवरदेव मिरवावा. कठड्याला आंब्याची तोरणं मी सांगितली.

१९ मार्च.
आले! एक गोरी बाई, एक दिल्लीचे साहेब. बाई साकवावर मधोमध थांबली, हलवून पाहिला, हसली. फोटो काढले. एकात मी आहे. पुलाच्या गरजेवर मी घसा बसेपर्यंत बोललो. दिल्लीच्या साहेबांनी ते सारं चार शब्दांत सांगितलं. इंग्रजी भाषा फार आटोपशीर.
बाईने विचारलं, हा साकव कोणी बांधला? मी छाती काढून म्हटलं, आमच्या गावाने! सरकारची सुतळीसुद्धा न घेता! ते मात्र तिने लगेच लिहून घेतलं.
मैनी दारात उभी होती. तिला म्हटलं, पोरी, तुझं काम झालं समज.

३ मे. चंद्रपूर.
अहवाल आला. जुबेर मास्तरांकडून वाचून घेतला. "गावाने स्वतःच्या श्रमाने नाला ओलांडण्याची सोय केली आहे. पुलाची गरज दिसत नाही. ही पद्धत इतर गावांनी उचलावी." मास्तरांना दोनदा वाचायला लावलं. तरी तेच.
पण स्तुती आहे. स्तुती करणारा पुढेमागे देतोच. बाबूभाई म्हणाला, "तोरणं बांधाचं काऊन सुचलं तुमाले?" आठवडाभर त्याच्याशी बोलायचं नाही. संकल्प. (दुपारी धानोऱ्याला जायचं होतं. बोललो.)

२४ जून.
पहिल्याच पुरात साकव गेला. पत्रूने माणसाकरवी निरोप धाडला: डोंगा. कळवलं की अधिवेशन तोंडावर आहे, आधी मुंबईत मुळावर घाव घालतो. डोंग्याचं मी परत आल्यावर पाहू.

१५ जुलै. मुंबई.
समितीची बैठक. बँकेचे लोकही होते. पडद्यावर चित्रं दाखवली. एकात येरमटोल्याचा साकव, त्यावर मी, मागे तोरण. "लोकसहभागाचा नमुना." टाळ्या. अध्यक्ष म्हणाले, उभे राहा. राहिलो. तो साकव वाहून गेला, हे तेव्हाच सांगणार होतो. पण टाळ्या चालू असताना मध्येच बोलणं बरं दिसत नाही. चहानंतर सांगू म्हटलं. चहानंतर ते लोक विमानाला निघून गेले.
रात्री जेवलो नाही. चहाच जास्त झाला असावा.

९ ऑगस्ट.
डोंगा घेतला! म्हटलं, जाऊ दे बँक चुलीत. बाबूभाईने ट्रक ठरवला. ट्रकवाले म्हणाले, नाला भरलाय, दोन दिवस थांबा. मैनीला अजून अवकाश आहे. वेळेवर पोचतो.

१२ ऑगस्ट. येरमटोला.
पाणी उतरलं होतं. पत्रू कमरेएवढ्या पाण्यातून एकटाच माझ्या काठावर आला. परवा मैनीला बाजेवर घालून गावाकडच्या काठापर्यंत आणलं होतं. रात्रभर पाऊस. सकाळी बाज तशीच परत नेली. मैनी गेली, लेकरूही राहिलं नाही.
वाटेत मी काही शब्द जुळवून ठेवले होते. पुढल्या अधिवेशनात हे मांडतो, असंही त्यात होतं. पत्रूने डोंग्याचा तळ हाताने चाचपला. म्हणाला, "ठेवून जा भाऊ. गावात आणखी दोघीजणी हायेत."
मी म्हटलं, चल, पलीकडे येतो, घरी बसतो. चपला काढल्या.
तो म्हणाला, "तुमी नोका येऊ."
चपला घातल्या.